भडक

आमच्या घरात ‘भडक’ हा शब्द शिवीच्या जागी वापरला जाई. खऱ्या शिव्या बाबांना चालत नसत. त्यामुळे त्यांचा सगळा राग, सगळी नापसंती आणि बरीचशी भीती या तीन अक्षरांत भरलेली असे. समोरच्या बिऱ्हाडाचे पडदे भडक होते. स्वारगेटला नव्याने लागलेल्या थंड पेयांच्या जाहिराती भडक होत्या. टीव्हीवर अचानक वाढलेल्या वाहिन्यांवरच्या निवेदिका तर भडकच होत्या, आणि बाबा त्या रोज रात्री बातम्यांच्या निमित्ताने तपासून बघत. आईच्या हातचा पाटोडीचा रस्सा भडक होता. तो ते दोनदा वाढून घेत ते वेगळं, पण ऑफिसातलं कुणी जेवायला येणार असलं की त्यावरची लाल तर्री आधी डावाने काढून ठेवायला लावत. पाहुण्याने तो रस्सा खाऊन ‘वा, सौम्य आहे’ म्हटलं की बाबांचा चेहरा परीक्षेत पास झाल्यासारखा होई. पाहुणा गेला की वाटीतली तर्री परत पातेल्यात पडे आणि आम्ही खरं जेवायला बसत असू.

बाबा वर्ध्याकडच्या एका खेड्यातून शिकून, सरकारी नोकरीला लागून, बदलीवर पुण्याला आलेले. पुण्यात आपण कुणाच्या डोळ्यांत भरायचं नाही, असं त्यांनी येताना रेल्वेतच ठरवलं असावं. येरवड्याच्या सरकारी वसाहतीत आम्हाला दोन खोल्या होत्या. भिंतींना सायीच्या रंगाचा हात, खिडकीला त्याच रंगाचा पडदा, आणि त्या पडद्यापुढे पांढऱ्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टात बसलेले बाबा. संध्याकाळी अंधारून आलं की ते नेमके कुठे आहेत हे पटकन कळत नसे. त्यांचं मराठी इतकं शुद्ध होतं की पेठांतली माणसंही त्यांच्याशी बोलताना जरा सावरून बोलत. ऑफिसात त्यांना सगळे मेश्रामसाहेब म्हणत. पाठीमागे काय म्हणत, तेही बाबांना माहीत होतं.

आई महापालिकेच्या शाळेत शिकवायची. तिची अडचण अशी, की तिला कमी दिसायची सवय नव्हती. ती मोठ्याने हसायची, मोठ्याने बोलायची, आणि बोलायची ती माहेरचं. ‘मी बाजारात जाऊन येतो,’ असं ती म्हणाली की आतून बाबांचा आवाज येई, ‘येते.’ ‘हो, मी येतो न,’ आई म्हणायची आणि निघून जायची. शाळेत मात्र ती बरोब्बर ‘येते’ म्हणायची. मी एकदा तिला विचारलंही. ‘शाळेत पगार घेते मी,’ ती म्हणाली, ‘घरी काहून घाबरू?’ आमच्या डोक्यावरून लोहगावची लढाऊ विमानं जात. त्यांचा आवाज आला की वसाहतीतली सगळी माणसं वाक्य अर्धं सोडून थांबत आणि विमान गेलं की त्याच शब्दापासून पुढे बोलत. आई थांबायची नाही. ती फक्त आवाज चढवायची. तिच्याकडे एक राणी रंगाची साडी होती, पोपटी काठांची. ती ट्रंकेतून बाहेर आली की बाबा पेपर उघडून तोंडासमोर धरत.

या घरात मी वाढले, आणि पुढे जे काही केलं त्याला हल्ली ‘रंगीत रस्ता-छायाचित्रणातलं आद्य काम’ म्हणतात. आद्य म्हणजे काय, तर बाकीचे यायच्या आधी मी तिथे उभी होते. माझ्या फोटोंवर प्रबंध लिहिणारी एक हुशार मुलगी मध्यंतरी घरी आली होती. तिने मला विचारलं की काळ्या-पांढऱ्याच्या सत्तेला नाकारून रंगाची निवड करताना माझी भूमिका काय होती. मी तिला चहा दिला, आणि खरं काय ते सांगितलं. ते तिला आवडलेलं दिसलं नाही.

खरं असं होतं. कॉलेज संपल्यावर मी स्वारगेटजवळच्या एका कलर लॅबच्या काउंटरवर कामाला लागले. तासाभरात फोटो धुऊन देणारं मशीन तेव्हा नवलाईचं होतं आणि लोक लग्नाचे, सहलीचे रोल घेऊन रांगेत उभे राहत. मालक मुनोतशेठ. कपाळावर चष्मा चढवून तोच चष्मा दुकानभर शोधणारे. त्यांच्याकडे मुदत संपलेल्या रंगीत रोलांची खोकी साठलेली होती. विकता येत नव्हती, टाकवत नव्हती. ‘घेऊन जा तू,’ ते म्हणाले. ‘आले तर आले, नाही तर नाही.’ कॅमेरा एका गिऱ्हाइकाचा होता. तो दुरुस्तीला टाकून जो गेला तो परत आलाच नाही. काळा-पांढरा रोल विकत घ्यावा लागला असता आणि धुवायला घरात अंधारी खोली लागली असती. आमचं न्हाणीघर चार बिऱ्हाडांत मिळून एक होतं. रंगीत रोल फुकट होता आणि दुकान बंद व्हायच्या वेळी मशीनही मोकळं असे. माझी भूमिका ही एवढीच. मुदत संपलेल्या त्या रोलांत लाल रंग जरा जास्त गडद होई आणि सावल्या जांभळ्या पडत. पुढे एका जाणकाराने लिहिलं की जांभळी सावली ही माझी सही आहे. मुनोतशेठ हयात असते तर मी त्यांना ते वाचून दाखवलं असतं.

कॅमेऱ्याला एकच भिंग होतं, लांबचं जवळ आणता येत नसे, म्हणून मीच माणसांच्या जवळ जायला लागले. माझी रीत साधी होती. एखादा रंग सापडला की मी तिथे उभी राहायचे. एसटीडी बूथचा पिवळा, नवीन काढलेल्या कॉम्प्युटर क्लासच्या पाटीचा निळा, डेपोतल्या गाड्यांचा लाल. आणि मग त्याच्याशी बोलणारा दुसरा रंग रस्त्यावरून कधी येतो याची वाट बघायची. बहुतेक वेळा तो यायचा नाही. आला तर त्याच्या आत एक माणूस असायचा आणि त्या माणसाला मत असायचं.

‘ओ ताई, सर्व्हे आहे का?’

‘नाही हो. असाच फोटो.’

‘असाच म्हणजे? रस्ता रुंद करणार असाल तर आत्ताच सांगा.’

एकदा शनिपाराजवळ हिरव्या दारापुढे उभ्या असलेल्या एका लाल मफलरवाल्या आजोबांचा फोटो घेतला, तर ते काठी टेकत थेट माझ्यापर्यंत आले. ‘विचारल्याशिवाय फोटो काढू नये, एवढं हल्ली शाळेत शिकवत नाहीत का?’

‘विचारलं असतं तर तुम्ही पोज दिली असती, आजोबा.’

‘पोज? निवृत्त झाल्यापासून मी कुणाकडे बघून हसलेलो नाही,’ ते म्हणाले, आणि मफलर नीट करून परत त्या दारापुढे जाऊन उभे राहिले.

मी फोटो घरी आणत असे आणि आई ते कॉटवर पसरून बघत असे. बाबाही बघत, पण उभ्याने. ‘चांगले आहेत,’ एकदा म्हणाले. ‘पण हे सगळं रोज दिसतंच की.’ त्यांच्या मते मी बँकेची परीक्षा द्यायला हवी होती. मी नाही म्हणत होते. रोज संध्याकाळी जेवताना तो विषय निघे आणि ताटावरून उठताना तिथेच राही. शेवटी एका रविवारी बाबांनी हात धुतले, पुसले, आणि ऑफिसातला निकाल सांगावा तसं सांगितलं, ‘लग्न-बारशाचे सोडून तुझा एक फोटो कुणी आपणहून मागून नेला आणि भिंतीवर लावला, तर मी परीक्षेचं नाव काढणार नाही. नाही तर पुढच्या वेळेस तू बसायचं. मान्य?’

मी मान्य म्हटलं. मला वाटलं, कोण तरी भेटेलच.

म्हणून मी पेठेतल्या एका छायाचित्रकार मंडळात गेले. आठवड्यातून एकदा त्यांची बैठक भरे. पाच-दहा पुरुष, एक टेबलदिवा आणि मधोमध सबनीस सर. सरांचे काळे-पांढरे फोटो देशोदेशींच्या प्रदर्शनांत लागलेले होते. धुक्यातली होडी, म्हाताऱ्याच्या सुरकुत्या, जिन्यावर पडलेलं ऊन. सुंदर होते, आजही म्हणते. त्यांनी माझं पाकीट उघडलं आणि पहिला फोटो दिव्याखाली धरला.

‘रंगीत,’ ते म्हणाले. डॉक्टर ‘ताप’ म्हणतात तसं.

‘हो.’

‘लग्नाची कामं घेता वाटतं?’

‘नाही सर. रस्त्यावरचे आहेत.’

‘छान आहेत. साड्या कुठल्या दुकानातल्या?’ टेबलाभोवती सगळे बेताने हसले. मग सर समजावणीच्या सुरात म्हणाले, ‘हे बघा, रंग म्हणजे मेकअप. तो पुसून काढायचा. खाली जे उरतं ते छायाचित्र. पुढच्या वेळी तसं काही घेऊन या. नाव काय म्हणालात?’

‘सुजाता मेश्राम.’

‘मेश्राम. कुठले?’

‘येरवड्याचे.’

‘नाही, मूळचे.’

‘वर्ध्याकडचे.’

‘अच्छा. अच्छा.’ पहिला अच्छा गावासाठी असतो. बाकी सगळं दुसऱ्यात समजून घेतलेलं असतं. मी पाकीट घेऊन घरी आले आणि बाबांना सांगितलं की सर भेटले, छान बोलले.

मंडईतला फोटो त्यानंतरचा. रविवारी आई आणि मी येरवड्याहून बस पकडून मंडईत भाजीला जात असू. वसाहतीच्या दारात भाजीवाला येत असताना दोन बस बदलून जायचं कारण आई कधी सांगत नसे, पण ते मला माहीत होतं. मंडईत तिला मनसोक्त बोलता यायचं. त्या दिवशी ती राणी रंगाच्या साडीत होती. बाहेरच्या बाजूला निळं प्लास्टिक बांधलेलं, त्यातून गाळून आलेलं निळसर ऊन वांग्यांवर, टोमॅटोंवर पडलेलं. हळदी रंगाच्या पोलक्यातली एक भाजीवाली कोथिंबीर बांधत होती.

‘ताई, कुठल्या तुमी? बोलणं लई गोड हाय,’ ती आईला म्हणाली.

‘वर्ध्याची. गोड हाय त मग भाव काहून कमी करत नाही वं?’

त्यावर भाजीवाली जे काही बोलली ते मला ऐकू आलं नाही, पण आईने मान मागे टाकली आणि ती दात, टाळू, सगळं दिसेल अशी हसली. त्याच क्षणी तिच्या मागून एक हमाल डोक्यावर नव्या रंगीत टीव्हीचं खोकं घेऊन निघाला होता आणि त्या खोक्यावर एक भलामोठा पोपट छापलेला होता, आईच्या काठांच्या रंगाचा. मी बटण दाबलं. प्रिंट बाहेर आला तेव्हा मुनोतशेठनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, बराच वेळ बघितला, आणि दुकानाच्या भिंतीवर चिकटवला. मालकाने लावलेला धरायचा नाही, असं बाबांनी त्याच संध्याकाळी स्पष्ट केलं. मुनोतशेठ आपले होते.

तिथेच तो सलीलला दिसला. सलील शहराबाहेर नव्याने होत असलेल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करायचा, माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठा. गोव्याच्या सहलीचे फोटो न्यायला आला आणि काउंटरवर वाकून भिंतीकडे बघत राहिला.

‘हे कोणी काढलंय?’

‘मी.’

‘सीरियसली? अहो, अमेझिंग आहे हे. आमची नवीन बिल्डिंग होतेय. लॉबीत एक वॉल एकदम एम्प्टी आहे. बाहेरचे क्लायंट्स येतात ना, त्यांना रिअल पुणे दाखवायचंय. द्याल का?’

मी निगेटिव्ह दिली. तो म्हणाला, मुंबईहून भिंतीएवढा मोठा प्रिंट करून घेऊ, उद्घाटनाला सगळ्या घराला घेऊन या, तोपर्यंत सरप्राइज. त्या काही आठवड्यांत बाबा बदलले. ऑफिसात त्यांनी सगळ्यांना सांगितलं, आपणहून, जे त्यांनी स्वतःच्या बढतीच्या वेळीसुद्धा केलं नव्हतं. ‘सुजाताचं कॉम्प्युटरच्या कंपनीत लागतंय,’ म्हणायचे. फोटो लागतोय की नोकरी, हे ऐकणाऱ्याला कळू नये अशी ती वाक्यरचना होती.

उद्घाटनाच्या दिवशी आईने तीच राणी साडी नेसली. बाबांनी पेपर उघडला नाही. कंपनीच्या गाडीने आम्हाला नेलं. काचेची इमारत, आत इतकी थंडी की आईने पदर अंगाभोवती घट्ट ओढून घेतला. मोठ्या मखमली पडद्याखाली भिंत झाकलेली होती आणि पडद्याजवळ पाहुणे म्हणून सबनीस सर उभे होते. मला बघून त्यांनी ओळखीची मान हलवली. मला तेव्हाच काही तरी कळायला हवं होतं.

सरांनी दोरी ओढली. पडदा बाजूला झाला, आणि भिंतीवर मंडई होती. काळी-पांढरी.

‘मूळ फोटो रंगीत होता,’ सर टाळ्यांमधून सांगत होते. ‘या तरुण मंडळींनी माझा सल्ला घेतला. मी म्हटलं, रंग काढा, फोटो निघेल. बघा, निघाला.’

कपडे एकत्र धुताना एखाद्याचा रंग उतरावा आणि सगळेच कपडे तसे व्हावेत तसं ते दिसत होतं. वांगी आणि टोमॅटो एका रंगाचे झाले होते. खोक्यावरचा पोपट कावळा झाला होता. राणी साडी आणि तिचे पोपटी काठ एकाच करड्या रंगात विरघळून आई कोबीच्या ढिगात मिसळली होती. आणि या सगळ्याच्या खाली चकचकीत पितळी पट्टीवर इंग्रजीत माझं नाव होतं. डोकं मात्र आपलं काम करत होतं. भिंत होती. फोटो मागून नेला होता. नाव होतं. परीक्षा टळली होती. फक्त गप्प बसायचं होतं.

‘भारदस्त!’ बाबा टाळ्या वाजवत माझ्या कानाशी म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. ‘बघ, आता कसा सभ्य वाटतोय.’

आई मात्र चालत भिंतीपाशी गेली होती. मान वर करून ती डावीकडून उजवीकडे बघत निघाली, स्वतःला ओलांडून पुढे गेली, परत आली.

‘मी कुठी हावो यात?’ तिने मोठ्याने विचारलं. काचेच्या इमारतीत तो आवाज चांगलाच घुमला.

‘हळू,’ बाबा म्हणाले.

‘हे मी? अवं बाप्पा!’ तिने करड्या चेहऱ्यावर बोट ठेवलं. ‘सुजाता, मी त मेल्यासारखी दिसून राहिली. असे फोटो गेलेल्या माणसाचे लावतेत. वरून हार घालतेत.’

दोन-तीन मुली तोंडावर हात ठेवून हसल्या. सबनीस सर शांतपणे म्हणाले, ‘बाईंचा आवाज फोटोत उतरत नाही, हे छायाचित्रणकलेचे उपकारच म्हणायचे.’

आता सगळेच हसले. सलीलही हसला, त्याला काही कळलं होतं असं नाही. सगळे हसत होते म्हणून हसला. माझ्या शेजारच्या टाळ्या मात्र थांबल्या होत्या.

‘काहून?’

मी वळून बघितलं. क्षणभर मला तो आवाज कुणाचा हेच कळलं नाही.

‘काहून हासून राहिले तुम्ही?’ बाबा म्हणत होते. त्यांचे कान लाल झाले होते. ‘तिचा फोटो हाय तो. तिनं नाही बोलावं त कोणं बोलावं? तुम्ही?’

तोवर माझी समजूत होती की बाबा पुस्तकी मराठी घेऊनच जन्माला आले असावेत. आईसुद्धा भिंतीवरून बोट काढून त्यांच्याकडे बघत राहिली होती. सगळ्यांच्या नजरा आपल्यावर आहेत हे बाबांच्या लक्षात आलं. त्यांनी शर्टाची कॉलर नीट केली आणि घसा खाकरून म्हणाले, ‘म्हणजे, त्यांचं म्हणणं आपण ऐकून घ्यावं, एवढीच विनंती आहे.’

मी सलीलकडे गेले.

‘खालचं नाव काढा.’

‘म्हणजे?’

‘माझं नाव. ते काढा तिथून. मी काढलेला फोटो हा नाही. हा सरांनी काढलाय, त्यांचं घाला.’

‘अहो, मला कशाला मध्ये?’ सर म्हणाले.

‘मॅडम, प्लीज,’ सलील दबक्या आवाजात म्हणाला, ‘क्लायंट्स आहेत. आपण नंतर बोलू ना.’

‘रंग न विचारता काढलात. नाव मी सांगून काढायला लावतेय, एवढाच फरक.’

एवढं झाल्यावर मला तिथून ताबडतोब निघायचं होतं. पण आई म्हणाली, ‘एवढ्या दूर आलो, खाऊन जाऊ.’ आम्ही कोपऱ्यातल्या टेबलाशी उभं राहून चीज सँडविच आणि पेस्ट्री खाल्ली. आमच्याजवळ कुणीही आलं नाही. आईने पेस्ट्री दोनदा घेतली. गाडी परत सोडेल का, हे विचारायची लाज वाटून आम्ही रस्त्यापर्यंत चालत गेलो आणि बसने आलो.

बसमध्ये बाबा खिडकीशी बसले होते. मला वाटलं, आज माणूस हलला आहे, आज काही तरी मनातलं बोलेल. येरवड्याचा चौक जवळ आल्यावर ते म्हणाले, ‘अट काय होती आपली?’

‘बाबा, आज?’

‘अट काय होती? फोटो मागून न्यावा आणि भिंतीवर लागावा. नेला. पण जो लागला आहे, तो तुझा नाही असं तूच चारचौघांत सांगितलंस. जो तुझा आहे, तो लागलेला नाही.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे परीक्षेला बसावं लागेल.’

‘अहो, तिथं त एवढं बोलले तुम्ही!’ आई म्हणाली.

‘ते वेगळं. हे वेगळं,’ बाबा म्हणाले आणि उतरायला उभे राहिले.

मी त्यांच्याशी बरेच दिवस बोलले नाही. पितळी पट्टी कंपनीने त्याच आठवड्यात काढली, काम तत्परतेने करायची त्यांची ख्याती होतीच. तिच्या जागी कुणाचं नाव आलं नाही. फोटो वर्षानुवर्षं तिथे होता आणि परदेशातून आलेल्या माणसांना त्यात रिअल पुणे दिसत होतं. बँकेच्या परीक्षेला मी नापास व्हायच्या इराद्याने बसले. पण समोर सोडवता येण्यासारखं गणित आलं की ते चुकीचं सोडवणं मला जमेना. मी पास झाले. प्रबंधवाल्या मुलीला हे सांगितलं तेव्हा ती जरा दुखावल्या आवाजात म्हणाली, ‘म्हणजे तुम्ही शरण गेलात?’ मी म्हटलं, ‘नाही, कॅशमध्ये बसले.’ माझे जे फोटो ती संग्रहालयात बघून आली होती, त्यांतला बहुतेक प्रत्येक फोटो बँकेच्या मधल्या सुट्टीतला आहे, हे तिने लिहून घेतलं की नाही कोण जाणे. पहिल्या पगारात मी ताजे रोल घेतले. त्यांत सगळे रंग जसेच्या तसे आले आणि मला ते मुळीच आवडले नाहीत. मी परत मुनोतशेठकडे जाऊन मुदत संपलेले मागितले. मागणी आहे म्हटल्यावर शेठनी त्यांना भाव लावला. मोकळी अर्थव्यवस्था मला समजली ती तिथे.

पण हे सगळं नंतरचं. नोकरीच्या पहिल्या दिवशी बाबा मला थांब्यापर्यंत सोडायला आले. मी नको म्हटलं होतं. आमचं बोलणं तेव्हा जेवणाखाण्यापुरतंच सुरू झालेलं होतं. सकाळची वेळ, शाळेची मुलं, दूधवाल्यांच्या सायकली. आम्ही शेजारी शेजारी, एकमेकांकडे न बघता उभे होतो.

‘डबा घेतलास?’

‘हो.’

‘कॅमेरा?’

मला वाटलं, आता हेही काढून घेणार. ‘घेतलाय,’ मी जरा चढ्या आवाजात म्हणाले.

बाबांनी मान हलवली. ‘पहिले काही दिवस दिसू देऊ नकोस. मॅनेजर कसा आहे ते बघ.’ मग रस्त्याकडे बघत म्हणाले, ‘मधल्या सुट्टीत तुमच्या शाखेत बाहेर पडू देतात. मागच्या दाराने निघालं की समोरच डेपो आहे. ऊन तिथे त्या वेळेला चांगलं असतं.’

‘तुम्हाला कसं माहीत?’

‘जाऊन आलो.’

‘कधी?’

‘तू नीट खात जा आधी,’ ते म्हणाले, आणि बस अजून दिसतही नव्हती तरी तिला थांबवायला त्यांनी हात वर केला.